घंटा आणि हजेरी

(आपल्या संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून सातारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून छत्तीस वर्षे मुलांना मुळाक्षरे व पाढे शिकविले, एवढीच माझ्या विद्वत्तेची शिदोरी. आणि विषय सुचविण्यात आला तो असा की, जो आपल्यातील एखाद्या तरुण इंजिनियराने घ्यावा : घरात बोलून सूचना देणारी व आठवण करून देणारी यंत्रे कशी बसवावी ! मी तसे बोलून दाखविले. त्यावर चिटणीस म्हणाले, "गुरुजी, यंत्र कसे चालते ते इंजिनियर सांगतील. ते घरात कसे नांदवावे, हे तुम्ही सांगा." हे उत्तर मला पटले. गेली तीन वर्षे असे एक यंत्र आमच्या घरी नांदत आहे. त्याने आम्हां उभयतांचे भले केले, एकदा आमची फसगतही केली, आणि त्या फसगतीतून जो धडा मिळाला तो आपणांपुढे ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

वेळेची वर्दी देण्याची रीत काही आजची नव्हे. आपल्याकडे लग्नघरी घटिकापात्र ठेवीत. तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडावी, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, झाली असे समजावे, आणि जोशीबुवांनी ते मोठ्याने सर्वांस सांगावे. गावात दवंडी पिटली जाई. मुंबईच्या गिरणगावात भोंगा होई आणि त्यावर हजारो घरांतील चुली पेटत. १९८२ च्या संपानंतर ते भोंगे एकेक करून मूक झाले. पॅरिसच्या वेधशाळेला किती वाजले हे विचारणारे इतके टेलिफोन येऊ लागले की तिची तार सदैव अडकून राही. तेव्हा एर्नेस्त एस्क्लांगों या तेथील संचालकांच्या खटपटीने १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात टेलिफोनवर वेळ सांगणारे बोलके घड्याळ सुरू झाले. आणि माझ्यापुरते म्हणाल तर रुळाच्या तुकड्यावर हातोडीने ठोके देऊन मी स्वतःच छत्तीस वर्षे वर्दी दिली आहे.

परंतु या साऱ्या साधनांत एक समान गोष्ट होती. ती सर्वांसाठी होती. भोंगा कोणा एकाला उद्देशून होत नसे. आजच्या यंत्राचे नावीन्य असे की, ते एका घरापुरते, एका माणसापुरते, आणि आपण लिहून दिलेल्या शब्दांत बोलते. पाण्याची टाकी भरली, दार उघडे राहिले, औषधाची वेळ झाली, असे ते त्या त्या खोलीत जाहीर करते. अशी साधने जेथे एकमेकांशी जोडलेली असतात, त्या घरास हल्ली स्मार्ट होम म्हणतात.

आमच्या घरी हे यंत्र हौसेने आले नाही. आमच्या सौभाग्यवतींना सहा वर्षांपूर्वी काचबिंदू असल्याचे निदान झाले. मोतीबिंदूने मंद झालेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही. डोळ्यातील दाब औषधाने आटोक्यात ठेवून जी उरली आहे ती राखावयाची, एवढेच मनुष्याच्या हाती असते. डॉक्टरांनी दोन बाटल्या दिल्या. पहिलीतील थेंब सकाळी व रात्री, दुसरीतील फक्त रात्री. रात्री दोन्ही थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर हवे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. आयुष्यभराचा हा नेम. त्यात सुट्टीचा दिवस नाही.

आता आमची अडचण अशी की, ज्यांनी वेळ पाळावयाची त्यांनाच भिंतीवरचे घड्याळ नीट दिसत नाही. मी आठवण करावी, तर "मला कळते, मी काय लहान आहे ?" असे उत्तर यावे. न करावी, तर "तुम्हाला आमची काळजीच नाही" असे ऐकावे. चाळीस वर्षांच्या संसारात जी भांडणे झाली नव्हती, ती त्या दोन बाटल्यांवरून होऊ लागली. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळूरला असतात. त्यांच्या कानांवर हे गेले, आणि पंधरा दिवसांत पोस्टाने एक बोलका स्पीकर येऊन पडला.

अशा स्पीकरांचा इतिहास फार जुना नाही. अॅमेझॉनचे एको हे यंत्र २०१७ साली भारतात विक्रीस आले, गुगलचे २०१८ साली. २०१९ पासून अलेक्सा हिंदीतही बोलू लागली. आमच्याकडे आलेले यंत्र कोणाचे होते हे सांगण्याचे कारण नाही. ते इंग्रजी व हिंदी जाणत होते, आणि आमच्या सौ.ना घरात मराठीशिवाय दुसरी भाषा ऐकण्याची सवय नाही. रात्री नऊ वाजता स्वयंपाकघरातून एक परकी बाई हिंदीत काही सांगू लागली की, त्या दचकून "कोण आले हो ?" असे विचारीत. आठ दिवसांत ते यंत्र कपाटात गेले.

ते पुन्हा बाहेर काढले माझ्या भाच्याने. तो दिवाळीस आला असता त्याने सारी हकीकत ऐकली आणि म्हणाला, "मामा, स्पीकर वाईट नाही. त्याला काय बोलायचे ते आपण आपल्या भाषेत द्यायला हवे." त्याने तळहाताएवढा एक संगणक आणून टीव्हीच्या मागे बसविला आणि त्यात होम असिस्टंट नावाची संगणकीय प्रणाली घातली. ही प्रणाली पाउलुस स्खाउत्सेन या गृहस्थांनी २०१३ साली सुरू केली. ती विनामूल्य असून जगभरचे लोक तीत भर घालीत असतात. तिचा विशेष असा की, नियम व वेळा आपल्या घरातील संगणकातच राहतात, कोठल्या दूरच्या कचेरीत नाही. मराठीत लिहिलेले वाक्य आवाजात बदलून देण्याची सोय तीत जोडता येते, आणि तो आवाज आपल्या हव्या त्या स्पीकरवर वाजविता येतो. वाक्याचा आवाज बनविण्यास इंटरनेट लागले, तरी एकदा बनलेला आवाज घरच्या संगणकात साठवून ठेवता येतो.

मी म्हणालो, "बाबा, हे मला या वयात कसे जमणार ?" तो म्हणाला, "मामा, तुम्ही व्याकरण शिकवीत होता ना ? मग हे वाक्यपृथक्करणच आहे." आणि खरोखरच तसे निघाले. यंत्राला द्यावयाच्या प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात. पहिला, केव्हा : रात्री नऊ वाजले म्हणजे. यास ट्रिगर म्हणतात. दुसरा, कोणत्या अटीवर : आम्ही घरी असलो तर. तिसरा, काय करावयाचे : स्वयंपाकघरातील स्पीकरवर अमुक वाक्य बोलावे. केव्हा, जर आणि तर. या तीन शब्दांपलीकडे त्यात गूढ असे काही नाही. ज्याला मिश्रवाक्य कळते त्याला हेही कळेल. भीती बाळगू नये, असे मी आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींस आग्रहाने सांगतो.

नियम जमला, आता वाक्य लिहावयाचे राहिले. येथे माझा छत्तीस वर्षांचा अनुभव मला उपयोगी पडला, कारण सूचना देणे हीही एक कला आहे आणि शाळामास्तराइतक्या सूचना जगात दुसरे कोणी देत नसेल. जे नियम मला सापडले ते सांगतो.

पहिला असा की, बोलण्यापूर्वी लक्ष वेधावे. वर्गात आपण प्रथम टेबलावर छडी आपटतो, मग बोलतो. यंत्राने एकदम वाक्यास सुरुवात केली तर पहिले दोन शब्द कानांवरून जातात, आणि नेमके कामाचे शब्द तेच असतात. म्हणून आधी एक बारीक घंटी वाजवावी, क्षणभर थांबावे, आणि मग बोलावे.

दुसरा असा की, आकडे अक्षरांत लिहावेत. आम्ही प्रथम वेळ आकड्यांत लिहिली, तर यंत्र "आठ तीस" म्हणू लागले. आमच्या घरात आठ तीस कधी वाजत नाहीत, साडेआठ वाजतात. "साडेआठ वाजले" असे अक्षरांत लिहिताच यंत्र माणसासारखे बोलू लागले. जेथे थांबावयास हवे तेथे स्वल्पविराम द्यावा. शुद्धलेखनाचा असा तत्काळ पडताळा मला उभ्या हयातीत कधी मिळाला नव्हता !

तिसरा नियम कानांचा. उतारवयात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. म्हणून निवडावयास मिळेल तर खालच्या पट्टीचा आवाज निवडावा आणि बोलण्याची गती कमी ठेवावी. नुसता आवाज चढविल्याने बहिऱ्यास ऐकू येते असे नाही. शेजाऱ्यास मात्र ऐकू येते.

चौथा नियम मर्यादेचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरात पाहुणे बसले असता यंत्राने आपल्या आजारांची नावे घेऊ नयेत. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध गृहस्थांकडे मुलीच्या सासरची मंडळी आली असता, दिवाणखान्यातील स्पीकरने त्यांच्या पोटाच्या औषधाचे नाव आणि ते कशासाठी घ्यावयाचे तेही सविस्तर जाहीर केले. ते गृहस्थ पुन्हा त्या स्पीकरची वायर लावीनात. त्यांचे काय चुकले ? आमच्या घरी यंत्र "पहिली बाटली" व "दुसरी बाटली" एवढेच म्हणते. ज्याला समजावयाचे त्याला समजते. तसेच जी सूचना ज्या खोलीची तिनेच ती ऐकावी. साऱ्या घराला नव्हे.

पाचवा नियम संख्येचा. नवी नवलाई म्हणून मी दिवसाकाठी चौदा सूचना बसविल्या. उठा, फिरावयास जा, पाणी प्या, गोळी घ्या, नळाला पाणी येईल, झाडांना पाणी घाला, वर्तमानपत्राचे बिल द्या. चौथ्या दिवशी असे झाले की, यंत्र बोलत होते आणि आम्ही दोघेही आपापसांत बोलत होतो. त्याचे शब्द भिंतींवर पडत होते. रोज मरे त्याला कोण रडे ? जे चुकले असता खरोखर नुकसान होते तेवढेच बोलावे, बाकीचे दिनदर्शिकेवर लिहावे. आज आमच्या घरी पाच सूचना होतात : थेंबांच्या तीन, माझ्या रक्तदाबाच्या गोळीची एक, आणि टाकी भरल्याची एक. ही शेवटची वेळेवर अवलंबून नाही. टाकीत तरंगणारा गोळा वर आला की यंत्रास कळते आणि ते "टाकी भरली, मोटर बंद करा" असे सांगते. ज्या गावी नळाला ठराविक वेळीच पाणी येते, तेथील भगिनींना या एका वाक्याची किंमत मी सांगावयास नको.

ज्ञातिबंधूंनो, येथपर्यंतची कथा सुखाची झाली. आता फसगतीची सांगतो.

यंत्र वेळेवर बोलू लागले, भांडणे थांबली, आम्ही निर्धास्त झालो. चार महिन्यांनी डोळ्यांच्या तपासणीस गेलो. डॉक्टरांनी दाब मोजला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. दाब वाढला होता. त्यांनी विचारले, "थेंब नियमित पडतात ना ?" मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "डॉक्टरसाहेब, अगदी घड्याळाबरहुकूम. आमच्या घरी यंत्र बसविले आहे, ते सेकंदाची चूक करीत नाही." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गुरुजी, मी यंत्राचे विचारीत नाही, थेंबांचे विचारतो. मागील बाटली केव्हा संपली ?"

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. जी बाटली महिन्याभरात संपावयास हवी होती, ती दीड महिना पुरली होती. म्हणजे तीन थेंबांतील एक पडलाच नव्हता. घडत असे ते असे : यंत्र बोले. मी ओसरीवर वाचीत असे. मला वाटे, सौ.नी ऐकले, त्या थेंब घालतील. सौ. पोळ्या लाटीत असत. त्या मनात म्हणत, एवढी पोळी होऊ दे. पोळीमागून पोळी होई, आणि अर्ध्या तासाने त्यांस सूचना झाल्याचे स्मरे, पण थेंब घातल्याचे की न घातल्याचे, ते स्मरत नसे. सूचना ऐकली होती एवढे नक्की, म्हणून काम झाले असे मनाने धरून घेतले. पूर्वी मी विसरलो की भांडण होई आणि त्या भांडणात का होईना थेंब पडत. आता भांडण नाही आणि थेंबही नाही !

परतीच्या एस.टी.त मी एक शब्द बोललो नाही. छत्तीस वर्षे मी घंटा दिली होती. घंटा वाजली म्हणजे शाळा भरली, असे मी एक दिवस तरी मानले होते काय ? नाही. घंटा झाली, प्रार्थना झाली, की मी हजेरीपट उघडीत असे, एकेक नाव घेत असे, आणि समोरून "हजर" असे उत्तर आल्यावाचून खूण करीत नसे. जो मुलगा उत्तर देत नसे त्याच्या घरी दुपारच्या सुट्टीत निरोप पाठवीत असे. आपल्या घरी मी घंटा बसविली, पण हजेरीपट ठेवण्यास विसरलो. जी दृष्टी एकदा गेली की परत येत नाही, तिच्या बाबतीत ही विसर झाली. सौ.च्या डाव्या डोळ्याच्या कडेची काही नजर त्या काळात कमी झाली. ती त्याच चुकीमुळे गेली की जाणारच होती, हे डॉक्टरही निश्चित सांगू शकले नाहीत. परंतु माझ्या मनाला त्याची टोचणी आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट मी चारचौघांत सांगत आहे.

त्यानंतर आम्ही यंत्राला हजेरी घेण्यास शिकविले. भाच्याने औषधाच्या खणाला एक लहानसे बिनतारी साधन लावले. त्याचे दोन तुकडे असतात, त्यांतील एकात लोहचुंबक असतो. खण उघडला की तुकडे दूर होतात आणि यंत्रास खबर पोहोचते. आता नियम असा आहे : नऊ वाजता सूचना व्हावी. पंधरा मिनिटांत खण उघडला नाही तर ती पुन्हा व्हावी. आणखी पंधरा मिनिटे गेली तर माझ्या मोबाइलवर निरोप यावा. खण उघडला तर यंत्राने पाच मिनिटे थांबून "आता दुसरी बाटली" एवढेच म्हणावे. आम्ही बाहेरगावी असलो तर रिकाम्या घराशी बोलू नये. निरोप मोबाइलवरच द्यावा.

पण शिक्षकाला ठाऊक असते की हजेरीतही लबाडी चालते. मित्राच्या नावाला दुसराच मुलगा "हजर" म्हणतो. आमच्या घरी ती लबाडी कात्रीने केली. त्या खणात कात्री असे. मी एकदा नऊच्या सुमारास ती घेण्यासाठी खण उघडला, आणि यंत्राने थेंब पडले असे समजून खूण केली. तेव्हापासून त्या खणात बाटल्यांशिवाय काही ठेवीत नाही. आणि एवढ्यावरही विश्वास न ठेवता आम्ही भिंतीवर एक दगडी पाटी टांगली आहे. थेंब डोळ्यात पडल्यानंतर, आधी नव्हे, तीवर खडूने जाड रेघ ओढावयाची. सौ.ना ती रेघ जवळून दिसते. यंत्र खणाची हजेरी घेते. पाटी माणसाची घेते.

दोन सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगून टाकतो. वीज गेली की यंत्र मुके होते, आणि जी वेळ अंधारात निघून गेली तिची सूचना ते वीज आल्यावर आपण होऊन देत नाही. म्हणून तो लहान संगणक, इंटरनेटची पेटी व स्पीकर इन्व्हर्टरवर घ्यावीत, आणि शेजारी किल्लीचे एक गजराचे घड्याळ ठेवावे. दुसरी गोष्ट अशी की, औषध घेतले की नाही असा संशय पडला तर मनाने पुन्हा घेऊ नये. कोणते औषध राहून गेले तर काय करावयाचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. आणखी एक शंका भगिनी नेहमी विचारतात, की असे यंत्र घरातले बोलणे ऐकत असते काय ? सूचना देण्यास यंत्राला तोंड लागते, कान लागत नाही. अशा बोलक्या स्पीकरांवर सामान्यतः मायक्रोफोन बंद करण्याचे बटण असते. आमच्या घरी ते सदैव बंद असते.

आता शेवटची गोष्ट. ती सांगू की नको, असा मला बराच काळ प्रश्न पडला होता. पण सौ.नीच परवानगी दिली, म्हणून सांगतो.

यंत्राचा आवाज निवडावयाचा होता तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तुमच्याच आवाजात वाक्ये भरून घेऊ, मामींना ओळखीचा वाटेल." मलाही ते आवडले. सौ. आतून म्हणाल्या, "नको. त्यांचा आवाज त्यांच्याच तोंडून बरा." मी तेव्हा हसलो आणि गोष्ट विसरलो. पुढे डॉक्टरांकडून आलो, खणाला साधन लागले, पाटी टांगली, सारे सुरळीत झाले. एके रात्री यंत्र बोलले, सौ. खणाकडे निघाल्या आणि जाता जाता सहज म्हणाल्या, "पूर्वी तुम्ही नऊ वाजता चिडत का होईना, पण स्वयंपाकघरात येत होता." एवढेच त्या बोलल्या. मी ओसरीवर हातात पुस्तक घेऊन बसलो होतो, आणि त्या एका वाक्याने मला कळले की आठवण करण्याचे काम यंत्रावर सोपवितांना मी त्याबरोबर आणखी काही सोपवून मोकळा झालो होतो. त्यांचा हात थरथरतो, थेंब कधी गालावर पडतो, हे मी चार महिन्यांत पाहिलेही नव्हते. कारण पाहण्यास मी तेथे नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः, भाच्याला न विचारता, त्या नियमातील वाक्य बदलले. पूर्वी यंत्र सौ.ना उद्देशून स्वयंपाकघरात बोलत असे. आता ते ओसरीवर बोलते, आणि मला बोलते : "गुरुजी, नऊ वाजले, पहिली बाटली." मी पुस्तक मिटतो, आत जातो, हात धुतो, आणि सौ.च्या डोळ्यांत थेंब घालतो. मग पाच मिनिटे आम्ही तेथेच बसतो. दिवसभरात कोण आले, कोणाचे पत्र आले, नातीचा बंगळूरहून फोन आला, अशा गोष्टी होतात. त्या पाच मिनिटांसाठी आता आम्ही दोघेही वाट पाहतो. मग यंत्र "आता दुसरी बाटली" म्हणते. गेल्या तीन तपासण्यांत दाब ठीक निघाला आहे.

सभ्य स्त्रीपुरुषहो, आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरी आज दोनच वृद्ध माणसे आहेत, आणि मुले पुण्यास, बंगळुरास, परदेशी आहेत. ती मुले कर्तबगार आहेत व प्रेमळही आहेत. ती यंत्रे पाठवितात. माझी त्यांना विनंती आहे की यंत्राबरोबर दोन दिवस स्वतःही यावे. आईवडील कोठे बसतात, केव्हा काय करतात, त्यांना काय ऐकू येते आणि कशाची लाज वाटते, हे पाहून मगच वाक्य लिहावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांच्यासाठी आपल्या संस्थेच्या तरुण मंडळाने काही संध्याकाळी द्याव्यात. ज्याच्या घरी हवे असेल त्याच्या घरी जाऊन हे बसवून द्यावे आणि महिन्याने पुन्हा जाऊन ते चालते की कपाटात गेले हे पाहून यावे. यास फार पैसा लागत नाही. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी मी नम्र प्रार्थना करतो.

आणि वडीलधाऱ्यांस एवढेच सांगतो की, यंत्राला भिऊ नका, आणि त्याच्यावर विसंबूही नका. घंटा देण्याचे काम त्याला खुशाल द्या. ते आपल्यापेक्षा चांगले करील. हजेरी मात्र आपली आपण घ्यावी, आणि ज्याची हजेरी घ्यावयाची त्याच्यापाशी जाऊन घ्यावी.

 आता नऊ वाजण्याच्या आत मला घरी पोहोचावयाचे असल्याने, अध्यक्षमहाराजांच्या परवानगीने मी आपली रजा घेतो.